पेल्यातले बाबा

मुलांनो, एक स्टीलचा पेला घ्या. खरा नको, मनातला घ्या. खरा घ्यायला उठलात तर स्वयंपाकघरातून कोणीतरी विचारेल, "आता काय हवंय?" आणि आपली गोष्ट तिथेच अडून बसेल. पेला रिकामा हवा आणि आतून कोरडा. आता त्यात फोन उभा ठेवा, स्पीकर चालू करून. पलीकडून कोणी बोललं की आवाज आधी तळाशी आपटतो, मग कडेने वर चढतो आणि टेबलभर पसरतो. जरा खरखरीत, जरा घुमणारा. जणू बोलणारा माणूस विहिरीच्या तळाशी बसलाय, आणि तिथे तो चांगला मजेत आहे.

आता असं समजा, की तो माणूस म्हणजे तुमचे बाबा.

दिवटीला असं समजावं लागत नसे. तिचे बाबा लांबच्या पल्ल्याचा ट्रेलर चालवायचे. या बंदरातून त्या गोदामात, त्या गोदामातून आणखी कुठे. घरी यायचे तेव्हा निम्मा वेळ झोपलेले असायचे, आणि अख्खं घर चवड्यांवर चालायचं. एरवी ते पेल्यात असायचे. टेबलाच्या टोकाला त्यांची खुर्ची, खुर्चीसमोर ताटाच्या जागी पेला आणि पेल्यात बाबा.

दिवटी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि त्या डब्याच्या पाठीवर लाल दिवा लावणं हे त्यांचं काम. धाकटी नात झाली तेव्हा ते म्हणाले, हा आपल्या घराचा मागचा दिवा. आत्याने लगेच जोड दिली, "घराण्याचे दिवटे कमी होते, म्हणून ही आणखी एक." ते चिकटलं. शाळेच्या पटावर तिचं वेगळं नाव होतं, पण त्या नावाने घरात हाक मारली असती तर ती स्वतःच मागे वळून बघत राहिली असती.

या दिवटीला घरात एक नोकरी होती. पेल्याला कान असतात, डोळे नसतात. म्हणून रोज जेवताना टेबलावर काय दिसतंय ते बाबांना तिने सांगायचं. आई केस वर बांधून आलीय, दमलीय. आजोबांचा चष्मा डोक्यावर आहे आणि ते तो खिशात शोधतायत, काखेत कळसा. आत्याने नवा रुमाल घेतलाय पण विचारलं तर जुनाच म्हणेल. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "दिसलं. पुढे?" या नोकरीचा नियम एकच: पेल्याला खोटं सांगायचं नाही. रस्त्यावरच्या माणसाला घराबद्दल खोटं सांगणं म्हणजे वळणावरची पाटी उलटी लावण्यासारखं आहे, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि उलट्या पाटीने काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या रविवारी दुपारी सगळे एकाच वेळी टेबलाशी होते. या घरात असा योग क्वचितच यायचा. आई वजनकाट्यावर नोकरीला होती, जिथे मालाच्या गाड्या तोलून मग आत सोडतात. तिने बाबांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. त्यांच्या गाडीत माल जास्त भरला होता आणि ते तिच्याशी हुज्जत घालत होते. आजोबा म्हणायचे, ती हुज्जत अजून संपायची आहे. आत्या बस आगाराच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. प्रत्येकाची पाळी वेगळी, सुट्टी वेगळी. आज नेमकं सगळं जुळून आलं. फक्त बाबा बंदराच्या फाटकाबाहेर ट्रेलरांच्या रांगेत अडकले होते. रांग हलायचं नाव घेत नव्हती.

"खिडक्या लावून बसलोय," पेला म्हणाला. "धूळ आहे बाहेर. पुढे एक गाडी, मागे एक गाडी. तुम्ही सुरू करा."

फोनवर बोलण्याची सवय झालेल्या माणसांना आणखी एक सवय लागते, ती तुमच्या लक्षात आली असेल. एकाचं बोलून झालं की दुसरा लगेच बोलत नाही. आवाज तिकडे पोचेपर्यंत थांबतो. या घरात समोरासमोर बसलेली माणसंही तशी थांबायची. एक बोलला की जरा शांत, मग दुसरा. पाहुण्यांना वाटायचं, यांचं भांडण झालंय. भांडण नसायचं. पण त्या मधल्या शांततेत फ्रिजची घरघर ऐकू यायची, आणि दिवटीला ती अजिबात आवडत नसे. ती घरघर तिच्या चांगली ओळखीची होती. शाळेतून आल्यावर ताईला यायला उशीर झाला की घरात तेवढाच आवाज असायचा.

आज निकाल व्हायचा होता तो ताईचाच.

ताईचं प्रशिक्षण संपलं होतं आणि तिच्यापुढे दोन दारं उघडी होती. एक आत्याच्या कंट्रोल रूमचं. पडद्यावर शहरभरच्या बस दिसतात. कुठली अडकली, कुठली रिकामी धावतेय, कुणाच्या जागी कुणाला पाठवायचं हे ठरवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. दुसरं दार मालवाहू जहाजाचं. डेक कॅडेट म्हणून चढायचं, काम शिकत शिकत पुढे अधिकारी व्हायचं, आणि घरी यायचं ते कित्येक महिन्यांनी. जहाजवाल्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

दिवटीला मात्र उत्तर आधीच दिसलं होतं. तीन दिवसांपूर्वी आईने तिच्या गळ्यात दोरीला बांधलेली घराची किल्ली घातली होती. "असू दे, लागली तर," एवढंच म्हणाली. आजवर किल्ली लागली नव्हती. ताई असायची, किंवा पाठोपाठ यायची. ताई आली की फ्रिजची घरघर ऐकू येईनाशी व्हायची. ताई बूट काढता काढताच बोलायला लागायची, गृहपाठाच्या वहीत डोकावून अक्षराला नावं ठेवायची, आणि रात्री दिवा मालवल्यावर पलीकडच्या पलंगावरून तिचा श्वास ऐकू यायचा. किल्ली छातीवर गार लागत होती. दिवटीने ती सदऱ्याबाहेर काढली, मग कोणी बघेल म्हणून परत आत टाकली.

आजोबांनी घसा साफ केला. घरातली मोठी गोष्ट ठरवायची त्यांची एक रीत होती. सगळ्यांत धाकट्याने आधी बोलायचं, मग वयाने चढत जायचं. ज्याची गोष्ट असेल त्याने शेवटी. का, तर यार्डात त्यांनी पाहिलं होतं, थोरला साहेब आधी बोलला की बाकीच्यांच्या फक्त माना हलतात. आणि दुसरं असं, की एकानेही लाल दाखवला तर गाडी हलत नाही. मग तो साहेब असो की हमाल.

"हं, दिवटे," ते म्हणाले. "हिरवा का लाल?"

दिवटीने ताईकडे पाहिलं नाही.

"लाल," ती म्हणाली.

आवाज पेल्यापर्यंत आणि पेल्यातून बंदराच्या फाटकापर्यंत पोचेतो सगळे थांबले. फ्रिज घरघरला. कारण विचारायचं नाही, हाही त्या रितीचाच भाग होता.

मग आत्या. ती आईहून वर्षाने लहान. तिने मनातला आनंद लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण चेहऱ्याने दगा दिला. ती बरंच बोलली. लोकांना वाटतं वाहतूक म्हणजे चाक आणि स्टिअरिंग. अरे, एका चालकामागे किती माणसं लागतात. गाडी तपासणारा लागतो, माल तोलणारा लागतो, रस्ता आखणारा लागतो, आणि सगळ्यात आधी कोण कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे असा एक जण लागतो. हे काम डोक्याचं आहे आणि ताईला डोकं आहे. वर आपण तिथे तिच्यासाठी शब्द टाकलाय. शेजारी खुर्चीही रिकामी आहे. खुर्चीचं सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. तिच्या कंट्रोल रूमच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ होत्या, पण त्यांत तिच्याशी बोलणारं माणूस कधी नसायचं. सगळे आवाज वायरलेसवरचे.

"माझा लाल," आत्या म्हणाली. "जहाजाला."

आता आई. सकाळी स्वयंपाकघरात आत्याने हेच सगळं तिला ऐकवलं होतं आणि आईने हं हं केलं होतं. त्यामुळे आत्या खुशाल बटाट्याची फोड मोडत बसली होती.

"मला वाटतं, जाऊ दे तिला," आई म्हणाली.

आत्याचा हात थांबला. "वहिनी, सकाळी तर—"

"सकाळी तू बोलत होतीस, मी ऐकत होते. ऐकणं म्हणजे हो म्हणणं नव्हे गं."

"म्हणजे माझ्या तोंडावर गोड आणि इथे हे."

आईने पाण्याचा जग उचलला, कोणालाच पाणी नको होतं, परत ठेवला. "एका टेबलावर एक पेला पुष्कळ झाला, असं मलाही वाटतं," ती हळू म्हणाली. "फार वाटतं. पण ते मला वाटतं. तिने का भरायचं त्याचं वजन?"

दिवटीने कान टवकारले. बाबांसमोर आई पेल्याबद्दल असं कधी बोलली नव्हती. बाबांनाही ते लागलं असावं. पलीकडे कुणाचं तरी इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

सगळ्यांना वाटत होतं, बाबा हिरवा दाखवणार. ते स्वतः निघून जाणारे, आणि निघून जाणाऱ्याला निघून जाणारा आवडतो. पण पेला म्हणाला, "नको."

"का हो?" आई म्हणाली. कारण विचारायचं नसतं हे ती विसरली.

"मी रस्त्यावर आहे. रस्त्यावरून निदान रोज फोन लागतो. पाण्यावरून रोज लागत नाही म्हणतात." पलीकडे स्टिअरिंगवर बोटं वाजली. "मला तुमचा रोज लागतो, तरी..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडून दिलं.

आजोबांची पाळी होती, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ताईच बोलली. तिने आजोबांची रीत मोडली असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी कंट्रोल रूमच घेणार आहे," ताई म्हणाली. "कालच ठरवलंय. उगीच सभा भरवलीत. जेवा आता, गार होतंय." आणि ती हसली.

टेबलाभोवतीच्या खुर्च्या करकरल्या, जणू सगळे एकदम सैल होऊन बसले. आत्याने ताईच्या ताटात आपल्या ताटातली मोठी फोड टाकली. आजोबा म्हणाले, मग प्रश्नच मिटला. दिवटीने सदऱ्यावरून किल्ली चाचपली; ती आता लागणार नव्हती, तरी तिला घास घ्यावासा वाटेना.

"दिवटे," पेला म्हणाला. "काय दिसतंय?"

"सगळे जेवतायत."

"ताईचा चेहरा सांग."

दिवटीने पाहिलं. "हसतेय," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. ताई हसतच होती.

"कशी?"

नोकरी म्हणजे नोकरी. दिवटीने पुन्हा पाहिलं, नीट, जसं रोज बाबांसाठी बघायची. तोंड हसत होतं. गाल वर गेले होते. पण डोळे ताटातल्या एकाच जागी टेकले होते. हे हसणं तिने आधी कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते आठवल्यावर तिला वाटलं, आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"तू निघतोस ना बाबा," ती म्हणाली, "तेव्हा दारात उभी राहून आई हसते. तशी."

आईने मान खाली घातली.

"आणि खरी हसते तेव्हा कशी दिसते?" बाबांनी विचारलं. "तू पाहिलंयस?"

दिवटीने पाहिलं होतं, आणि घरात एकट्या तिनेच पाहिलं होतं. गेल्या महिन्यात ताईच्या संस्थेत नोकऱ्यांचा मेळावा होता आणि ताई तिला घेऊन गेली होती. मोठं सभागृह, ओळीने टेबलं. एका टेबलावर बंदरातल्या क्रेन चालवणाऱ्या बाई होत्या. एकावर विमानातून माल पाठवणारे. एकाकडे थंड पेटीच्या गाड्या होत्या, ज्यांतून औषधं जातात. रेल्वेवाले होते, आणि त्यांच्याशी बोलताना ताईने आजोबांचं नाव अभिमानाने सांगितलं. सगळ्यांनी दिवटीला पेनं दिली. आणि कोपऱ्यात एक अंधारी खोली होती. तिच्यात अर्ध्या वर्तुळासारखा पडदा, पडद्यावर समुद्र, आणि खाली जहाज चालवण्याच्या खोलीत असतात तसे खटके, मुठी आणि काट्यांच्या तबकड्या. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, हं, आणा धक्क्याला. ताई उभी राहिली.

"जीभ दातांत धरली होती तिने," दिवटी पेल्याला सांगू लागली. "अशी, एका बाजूला. आणि हसत नव्हतीच. पण डोळे... बाबा, डोळे मोठे होते आणि शांत होते. जहाज इतकं हळू आलं की कळलंच नाही टेकलं कधी. ते सर म्हणाले, पहिल्यांदा सगळे धक्क्याला आपटतात. ही आपटली नाही." ती थांबली. पुढचं सांगायचं नव्हतं तिला. "मला तहान लागली होती. मी हाका मारल्या. ती अगदी माझ्या शेजारी होती. तिला ऐकूच गेलं नाही."

तिला भीती वाटत होती ती हीच. ताईला तिथे ऐकूच गेलं नव्हतं. दिवटी त्या खोलीत ताईला खेटून उभी होती आणि तिथे तिचा पत्ताच नव्हता.

ताईने चमचा खाली ठेवला. "वेडे," ती म्हणाली. "मला सांगायचंस ना नंतर."

"सांगून काय झालं असतं?"



आत्या बराच वेळ रुमालाची घडी घालत होती. "मी रोज एवढ्या गाड्या सोडते," ती अचानक म्हणाली, कोणाकडेच न बघता. "कोण कुठे पोचलं, सगळं मला ठाऊक असतं. त्यांतल्या एका गाडीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावं, असं दरवर्षी ठरवते." तिने घडी मोडली. "माझा लाल मी मागे घेते. आणि वहिनी, तू हसू नकोस."

"मी कुठे हसले?"

"मनात हसलीस."

"शेजारी बसायला कोणीतरी मिळेल हो तुला," आई म्हणाली. ती खरंच हसली नव्हती. "माझाही लाल मागे," पेला म्हणाला.

आजोबांनी चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला आणि नातीकडे पाहिलं. "मागचा दिवा लालच असतो, दिवटे," ते म्हणाले. "पण तो आपल्या गाडीला थांबवायला नसतो. स्टेशनमास्तर तो बघतो आणि समजतो, गाडी अख्खी आली, मधे कुठे तुटली नाही. बस, तेवढ्यासाठी असतो." आणि मग, आपण फार बोललो असं वाटल्यासारखे, जेवायला लागले.

दिवटीला त्या वेळी दिव्याचं काही सुचत नव्हतं. तिला एक वेगळाच प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय तिला घास गिळता येत नसे.

"बाबा, तुला कसं कळलं? ताई खोटं हसतेय ते? तुला तर दिसत नाही."

"चमचा," पेला म्हणाला. "ताई बोलता बोलता जेवते. चमचा वाजत असतो तिचा. आज 'ठरवलंय' म्हणाली तेव्हा वाजला नाही."

"एवढं ऐकू येतं?"

"येतं की. आईचा जग उचललेला आला, परत ठेवलेला आला. आजोबा पहिल्या घासाला उसासा टाकतात तो येतो. तो फ्रिज येतो." दिवटी दचकली. फ्रिजची घरघर फक्त आपल्यालाच ऐकू येते असं तिला वाटायचं. "माझ्याकडेही पेला आहे ना. इथे, गाडीत. स्टिअरिंगपाशी ठेवतो. जेवताना फोन त्यात उभा करतो, मग तुम्ही सगळे इथे घुमता."

आईने मान वर केली. "कुठला पेला?"

पलीकडे बाबांनी घसा खाकरला.

"सहाच्या संचातला?" आई म्हणाली. "जो हरवला म्हणून मी शेजारी विचारून आले? जो हरवला म्हणून मी या पोरींना बोल लावले?"

"रांग हलली वाटतं," पेला म्हणाला.

"काही हललेली नाही. गप्प बसा तिथेच."

आजोबांना हसता हसता ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीवर थापटलं, आणि क्षणभर टेबलावर कोणीही दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघेना. सगळे एकमेकांवर बोलू लागले.

दिवटी त्यात नव्हती. ती आपल्या मनात ती गाडी बघत होती. लावलेल्या खिडक्या, बाहेर धूळ, पुढे एक गाडी, मागे एक गाडी. आणि मधे बाबा, एका पेल्यासमोर बसून जेवणारे. आजवर ती समजत होती, पेला फक्त इकडे असतो.

"तू तुझा लाल काढू नकोस हं माझ्यासाठी," ताई तिच्या कानाशी येऊन म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी. "खरंच नको. मी राहीन. मला चालेल."

दिवटीने आपला पाण्याचा पेला उचलला, काठोकाठ भरलेला होता तो, आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग सदऱ्याच्या टोकाने तो आतून पुसला, तळापर्यंत, थेंब राहू नये म्हणून दोनदा पुसला. पुसताना किल्ली पेल्यावर आपटून वाजली. तिने ती पाठीमागे सारली. पेल्याला तोंड लावून ती हळूच "हॅलो" म्हणाली आणि आवाज नीट वर चढतो का ते ऐकलं. चढत होता.

तिने तो ताईच्या हातात दिला. "हा बोटीवर ने," ती म्हणाली. "फोन लागेल त्या दिवशी लागेल."

टेबलावरचे आवाज एकामागून एक थांबले.

"काय झालं?" पेल्यातून बाबांनी विचारलं. "दिवटे? काय दिसतंय?"

दिवटी आपल्या जागेवर येऊन बसली आणि पेल्याजवळ वाकली.

"ताईचा चेहरा आत्ता सांगता येत नाही बाबा," ती म्हणाली. "तिने पेला तोंडासमोर धरलाय."